नागपूरहून गुलमर्ग: मार्चातल्या बर्फाचं वेळापत्रक

शनिवार, नागपूर

बॅग भरायला घेतली आणि बाहेर गारा पडायला लागल्या. आठवड्याभरापूर्वी पारा ३७ वर होता, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून झाल्या होत्या, आणि आता अंगणात टपोऱ्या गारा. विदर्भात मार्चातली गारपीट नवी नाही. झाडावर मृगबहाराची संत्री असली की बागवाल्यांचा जीव या दिवसांत टांगणीलाच असतो. मला मात्र गारा पाहून गुलमर्ग आठवत होतं. पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारे वादळी पट्टे, हिवाळ्यात आणि वसंतात उत्तर भारतावरून सरकतात. काश्मीरच्या डोंगरांवर ते बर्फ टाकतात आणि बंगालच्या उपसागराकडची ओल मिळाली की आपल्याकडे गारा. एक विक्षोभ नुकताच येऊन गेला होता, दुसरा बुधवारच्या सुमारास काश्मीरात पोचणार असा अंदाज होता. आमचं जाणं नेमकं त्या दोघांच्या मध्ये.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भाचा. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, तो इंजिनिअरिंगला आहे. दोघंही स्कीइंग गुलमर्गलाच शिकलो, पण मी मार्चात आणि तो जानेवारीत. त्यामुळे घरात वाद ठरलेला. त्याने पाहिलेला बर्फ सकाळी नऊला जसा, तसाच दुपारी तीनला: कोरडा, भुसभुशीत, पडलं तरी न लागणारा. त्याच्या मते बर्फ तो बर्फ, तयारी काय करायची?

तयारी अशी. पहिली गोष्ट, सुती कपडा एकही नको. उभं आयुष्य कापसाच्या मुलखात गेलेल्या माणसाला हे जड जातं, पण सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही आणि लिफ्टवर बसल्यावर पाठीला गारठा धरतं. अंगालगत पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिकचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न शिरू देणारं जॅकेट. काखेखाली चेन असलेलं मिळालं तर उत्तम, कारण सकाळी उणे चारमध्ये निघालेला माणूस बाराला घामाघूम असतो. ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या घ्यायच्या, एक भिजणारच असते. गॉगलच्या दोन काचा: लख्ख उन्हासाठी गडद आणि ढगाळ दिवसासाठी पिवळी. कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत. स्कीच्या तळाला हाताने घासायच्या वॅक्सची, म्हणजे मेणाची, डबी. आणि सनस्क्रीनची मोठी ट्यूब.

"बर्फात चालले ना तुम्ही? मग हे काऊन?" बहीण ट्यूब उचलून म्हणाली.

दर हजार मीटर वर गेलं की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे ऊन डोक्यावरून येतं आणि पायाखालूनही. हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्यांच्या कडा, कानामागची जागा, जिथे नागपूरच्या मे महिन्यातही कधी काही लावावं लागत नाही, तिथे तिकडे कातडी सोलवटते. भाच्याने हे सगळं मोबाइलमधून मान वर न करता ऐकलं.

महिनाभर मी त्याला रोज सेमिनरी हिल्सला नेत होते. चढायला नाही, उतरायला. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि स्कीवर दिवसभर नेमकं तेच काम असतं. वसंतातल्या ओल्या, जड बर्फात तर दुप्पट. घरी भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसायचं. पहिल्या दिवशी तो मिनिटभरात खाली सरकला होता.

बहिणीने शेवटी साखरेच्या गाठ्यांची पुडी आणि कडुनिंबाची डहाळी बॅगेत कोंबली. "बुधवारी पाडवा आहे. तिकडे कडुनिंब कुठून आणशील?"

रविवार आणि सोमवार, प्रवास

रात्रीची दिल्लीची गाडी, दिल्लीहून श्रीनगरचं विमान, तिथून टॅक्सी. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. संत्रा बर्फीचा डबा आग्ऱ्याच्या आधीच संपला एवढंच.

श्रीनगरहून मागाममार्गे तंगमर्गपर्यंत रस्ता सपाट आहे. दोन्ही बाजूंना निष्पर्ण पॉप्लर, शेतांत मोहरी पिवळी व्हायला लागलेली. तंगमर्गला सगळ्या गाड्या थांबतात. भाड्याचे गमबूट, भाड्याचे ओव्हरकोट, आणि बर्फ ताजा असेल तर चाकांना साखळ्या. तिथून वर १३ किलोमीटरचा घाट. रस्ता कोरडा होता, म्हणून साखळ्या लागल्या नाहीत. पण वळणावळणावर कडेचा बर्फ काळपट झालेला आणि त्याच्या खालून पाण्याची धार रस्त्यावर येत होती. भाच्याचा चेहरा उतरला.

"मावशी, हे तर वितळून राहिलं सगळं."

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, तिथे मार्चअखेर असंच दिसतं. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचा, पहिला टप्पा कोंगदूरीला, साधारण ३,१०० मीटरवर नेतो. दुसरा अफरवाट डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. खाली चिखल असला तरी वर पुरुषभर बर्फ असतो. त्यामुळे मार्चात गुलमर्गच्या मैदानाकडे पाहून निराश व्हायचं नाही.

हॉटेलात सामान टाकून थेट स्कीच्या दुकानात गेलो, आणि तिथे तासभर काढला. हा तास फुकट जात नाही. भाच्याने भिंतीवरची सगळ्यात रुंद जोडी उचलली, पायाखाली ११० मिलिमीटर. ती पावडरसाठी, म्हणजे कोरड्या भुसभुशीत बर्फासाठी. सकाळच्या टणक बर्फावर इतकी रुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते. मी त्याला नव्वदच्या आसपासची घ्यायला लावली: सकाळी कडेवर उभी राहते आणि दुपारच्या रबड्यातही, म्हणजे वितळून लगदा झालेल्या बर्फातही, बुडत नाही. मग धार. नखाची पाठ स्कीच्या पोलादी कडेवर आडवी, हलकेच ओढायची. नखाचा पांढरा भुगा कडेवर दिसला तर धार आहे. पहिल्या जोडीवर नख नुसतंच घसरलं. दुकानदाराने काही न बोलता कानस काढली आणि दोन्ही स्कीच्या कडा घासून दिल्या.

मग त्याने वॅक्स विचारलं. उबेतल्या बर्फाचं वॅक्स वेगळं असतं, मऊ, पाण्याला दूर ठेवणारं. कडाक्याच्या थंडीचं कडक वॅक्स मार्चात लावलं तर दुपारी स्की जागच्या जागी चिकटते. त्याचं कारण साधं आहे. स्की ज्याच्यावर घसरते तो पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा. पापुद्रा पातळ असेल तोवर मजा. पाणी वाढलं की स्कीचा तळ आणि बर्फ यांच्यामध्ये ते सलग पसरतं आणि धरून ठेवतं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून ओढून पाहिल्यात का? म्हणून तळावर बारीक उभ्या रेघाही पाडतात, पाणी त्यातून मागे निघून जावं म्हणून.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी कळ, लावताना वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि किती येतं हे विचारतात. "किती येतं" याला भाच्याने जे उत्तर दिलं ते मी दुकानदाराला डोळ्यांनीच दुरुस्त करून सांगितलं. खोटी बढाई मारली की बाइंडिंग घट्ट होते, आणि पडल्यावर स्कीऐवजी गुडघा सुटतो.

रात्री आमच्या प्रशिक्षकांचा फोन आला. हे तंगमर्गचे, लहानपणापासून याच उतारांवर. "आसमान साफ है, मॅडम. कल नौ बजे नहीं, दस बजे."

मंगळवार, कोंगदूरी

सकाळी सातला हॉटेलच्या अंगणातल्या बर्फावर पाय ठेवला, ठसासुद्धा उमटला नाही. काल दुपारी त्याच जागी मी घोट्यापर्यंत रुतले होते.

आकाश मोकळं असलं की बर्फाचा पृष्ठभाग रात्रभर आपली उष्णता वर फेकत राहतो आणि हवेपेक्षाही थंड होतो. हवा शून्याच्या दोन अंश वर असली तरी वरचा थर गोठू शकतो. ढग असले तर ते तीच उष्णता अडवून परत खाली पाठवतात, आणि मग हवा तेवढीच थंड असूनही बर्फ ओलाच राहतो. म्हणून वसंतात स्कीवाला झोपण्याआधी थर्मामीटर कमी आणि चांदण्या जास्त पाहतो.

भाच्याला मात्र दहापर्यंत थांबवत नव्हतं. खाली नून चाय (मिठाचा काश्मिरी चहा) आणि गिर्दा (तिकडची रोटी) संपवून तो बूट चढवून तयार. दहाला गोंडोलाच्या रांगेत पोचलो. सहा जणांच्या पाळण्यात आमच्याबरोबर अमरावतीकडचं एक कुटुंब होतं. गमबुटांतल्या आजींनी आमच्या स्की पाहिल्या.

"अजी, हे पायाले बांधून तुम्ही खाली येता?"

"हो, आजी."

"अन् पडले तं?"

"पडतो की. उठतो."

"मंग गाडीनं काऊन नाही येत?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

कोंगदूरीला उतरल्यावर प्रशिक्षकांनी स्की घालूच दिल्या नाहीत. पोलचं, म्हणजे हातातल्या काठीचं, टोक समोरच्या उतारावर दाबलं. टण्ण वाजलं, आत गेलं नाही. "बीस मिनट." इकडचा मुख्य उतार ढोबळमानाने ईशान्येला तोंड करून आहे. सकाळचं ऊन त्याला लवकर मिळतं, पण सगळीकडे सारखं नाही. प्रत्येक घळीची एक बाजू पूर्वेकडे वळलेली, ती आधी सैल होते. दुसरी उत्तरेकडे, तिथे दुपारपर्यंत काच. त्यांनी हातानेच आम्हाला घळी दाखवल्या: ही साडेदहाला, ती अकराला, पलीकडची आज नाहीच.

वीस मिनिटांनी पोल पुन्हा दाबलं. वरचे दोन-तीन सेंटीमीटर आत गेले आणि मग टणक लागलं. हेच हवं असतं. मी ग्लोव्ह काढून मुठीत थोडा बर्फ घेतला. पांढरा भुगा नव्हता तो. साबुदाण्याएवढे गोल, अर्धपारदर्शक दाणे, बोटांमधून सुटे सुटे ओघळणारे. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं आठवडाभर झालं की चांदणीच्या आकाराचे मूळ स्फटिक उरतच नाहीत. लहान दाणे विरघळतात, मोठे आणखी मोठे होतात. रात्री ते एकमेकांना चिकटून फरशी होते, सकाळच्या उन्हात आधी त्यांचे सांधे सुटतात. सांधे सुटलेत पण दाणे अजून वितळलेले नाहीत, हा जो मधला तास-दीड तास असतो, त्याला स्कीवाले कॉर्न म्हणतात आणि त्याच्यासाठी मार्चात येतात.

खाली निघालो. सांगायचं तर एवढंच की कडा जिथे टाकावी तिथे धरते, आवाज येतो तो एक हलका सर्र, आणि मांड्यांना कष्ट म्हणून नाहीत. भाचा दुसऱ्या फेरीला माझ्यापुढे निघून गेला आणि खाली थांबून ओरडला, "हे भारी आहे बे!" मग बे कोणाला म्हटलं ते लक्षात येऊन गप्प झाला.

साडेबाराला प्रशिक्षक म्हणाले, बस. आता कोंगदूरीहून गुलमर्गपर्यंत जंगलातून उतरून घरी. भाच्याला आणखी एक फेरी हवी होती. त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसती पोल रोवली. या वेळेला ती टोकाजवळच्या कडीपर्यंत आत गेली.

जंगलातला उतार हा मार्चातला खरा धडा. झाडांच्या सावलीत बर्फ अजून गोठलेला, दोन झाडांमध्ये उन्हाचा पट्टा पडला की तिथे रबडा. सावलीत स्की सुसाट जाते आणि उन्हात शिरताच कोणीतरी मागून ओढल्यागत थांबते. पण शरीर थांबत नाही. भाचा पहिल्याच पट्ट्यावर नाकावर आपटला. स्की सुटल्या (बाइंडिंगचं उत्तर मी दुरुस्त केलं होतं ते बरं), पोल दहा फूट वर राहिली, गॉगलच्या आत बर्फ. मग त्याने ऐकलं. सावलीची कड दिसली की आधीच एक पाय जरा पुढे सरकवायचा, वजन पंजावरून थोडं टाचेकडे घ्यायचं, आणि त्या कडेवर वळण घ्यायचंच नाही. वळायचं ते एकतर पूर्ण सावलीत किंवा पूर्ण उन्हात. दोन्ही पायांवर वजन सारखं ठेवायचं. टणक बर्फावर उलट बाहेरच्या पायावर उभं राहायचं असतं, पण रबड्यात तसं केलं तर तो एकटा पाय बुडतो. डोळ्यांनी मात्र नेहमी पुढच्या पट्ट्याकडे पाहायचं. मळकट, पाइनच्या सुया पडलेला बर्फ जास्त चिकटतो, कारण काळं काही असेल तिथे ऊन जास्त शोषलं जातं. तो टाळायचा.

बुधवार, पाडवा

रात्री एक चांदणी नव्हती. सकाळी सातला अंगणात बूट घोट्यापर्यंत गेला. हवामान ॲपमध्ये किमान तापमान कालच्याइतकंच दिसत होतं. ॲपवर विसंबून निघालेला माणूस आज वर जाऊन हात हलवत परत आला असता.

नऊला पाऊस सुरू झाला. गुलमर्गला पाऊस, वर कोंगदूरीच्या आसपास कुठेतरी त्याचा बर्फ होत असणार. पावसाचं पाणी बर्फाच्या थरांत झिरपतं, त्यांचे सांधे ढिले करतं. अशा दिवशी उभ्या उतारांखाली उभंही राहायचं नसतं.

मग पाडवा केला. हॉटेलच्या गच्चीवर स्कीच्या काठीला माझी ओढणी, गाठी, कडुनिंबाची नागपूरहून आलेली अर्धी वाळलेली डहाळी आणि वर हॉटेलचा स्टीलचा पेला. खाली शाल पांघरून उभ्या असलेल्या स्वयंपाक्याने विचारलं, हे काय? नवं वर्ष, म्हटलं. तो म्हणाला, इथल्या पंडितांचाही आज नवरेह. दुपारी त्याने न सांगता फिरनी पाठवली. कडुनिंब मात्र त्याने एक पान चघळून खिडकीबाहेर थुंकलं.

दुपारी पाऊस थांबल्यावर मैदानाजवळच्या शिकाऊ उतारावर तासभर गेलो. प्रकाश असा सपाट होता की समोरचा खड्डा आणि उंचवटा वेगळे दिसत नव्हते. पिवळी काच लावल्यावर निदान कडा कळल्या.

संध्याकाळ गेली वाळवण्यात. खोलीत बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, होती, आणि सगळ्यांना बूट तिच्याजवळ ठेवायचा मोह होतो. ठेवू नये. आतला फोम आकसतो, चामड्याचे ग्लोव्ह्ज कडक होऊन चिरतात. बुटाची आतली पिशवी बाहेर काढायची, वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, तासाने बदलायचे. हॉटेलकडे उर्दू वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, तो आम्ही संपवला.

गुरुवार, ताजा बर्फ

पहाटे खिडकीतून पाहिलं तर सगळं पांढरं. पाऊस रात्री कधीतरी बर्फ झाला होता. अंगणात पाऊण वीत, वर नक्कीच जास्त. आणि आकाश उघडत होतं. भाचा पलंगावर उभा राहिला.

आता वाद खरा होता. त्याला जे येतं तेच पडलं होतं. पण दुसरा टप्पा बंद होता. वर गस्तीचं पथक उतार तपासत होतं आणि ते झाल्याशिवाय कोणालाच सोडत नाहीत. मंगळवारी गोठून गुळगुळीत झालेला थर, त्यावर बुधवारचं पाणी, त्यावर हा नवा कोरा बर्फ. नव्याला खालच्याशी जोडलं जायला वेळ लागतो, आणि मार्चातलं ऊन तो वेळ देत नाही. बहुतेक हिमलोट ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि स्कीवाल्याला नेमके तेच उतार आवडतात.

पहिला टप्पा दहानंतर सुरू झाला. निघण्याआधी प्रशिक्षकांनी तिघांचे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारी यंत्रं) चालू करून एकमेकांवर तपासले, फावडी आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायच्या लांब काठ्या) पाठीवर आहेत ना ते पाहिलं. साध्या, कमी उताराच्या जागा धरून दोन फेऱ्या झाल्या. त्या दोन फेऱ्यांत भाचा माझ्यापेक्षा सरस होता, हे मान्य.

तिसऱ्या फेरीला लिफ्टवरून प्रशिक्षकांनी डावीकडच्या उताराकडे बोट केलं. खडकाच्या पायथ्यापासून मुठीएवढे बर्फाचे गोळे आपोआप सुटून खाली गडगडत होते, मागे बारीक रेघ सोडत. पाचेक मिनिटांत रेघा दुप्पट झाल्या. वरचा थर ऊन खाऊन ओला झाला, आता तो स्वतःच्या वजनाने सुटायला लागला याची ही पहिली खूण. घड्याळात साडेअकरा.

"सर, एकच," भाचा म्हणाला.

"बर्फ को बैठने दो. कल."

खाली येताना स्कीखाली ओल्या नव्या बर्फाचे लगदे जमायला लागले. चालावं लागत होतं. वॅक्सची डबी काढून तळ पुसला, घासला, तेव्हा कुठे शंभर-दोनशे मीटर सुटल्या, मग पुन्हा तेच. दुपारी गरम कहवा पिताना समोरच्या डोंगरावर एक भला मोठा पांढरा पट्टा सरकत खाली आला. आवाज उशिरा पोचला. सकाळी आम्ही होतो त्या बाजूला नव्हता तो, पण भाच्याने त्यानंतर "एकच" म्हटलं नाही.

शुक्रवार, अफरवाट

रात्रभर चांदण्या, कडक थंडी. आणि रमजानचा पहिला रोजा. प्रशिक्षक पहाटे सेहरी करून आले होते, आता मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्तापर्यंत, पाण्याचा थेंब नाही. आम्ही बाटल्या बॅगेत दडवायला लागलो तर हसले: "आप पीजिए. ऊपर प्यास का पता नहीं चलता, इसलिए पीजिए." कोरड्या हवेत, घामाच्या कपड्यांत माणूस सुकत जातो आणि थंडीमुळे तहान लागत नाही. डोकं दुखायला लागलं की कळतं. दर फेरीला दोन घोट, हा त्यांचाच नियम, जो आज त्यांना लागू नव्हता.

दुसरा टप्पा सुरू झाला होता. वर वारा होता, पण पाळणे चालू होते. पलीकडे पीर पंजालच्या रांगा, ऊन लखलखीत. आज गडद काच.

एकाच उतरणीत आम्ही चार ऋतू पाहिले म्हणायला हरकत नाही. अगदी वर, उत्तरेकडे वळलेल्या एका खोलगट भागात जानेवारीच शिल्लक होता: कोरडा, थंड, पायाखाली कुरकुरणारा. तिथे भाच्याला पुढे सोडलं. त्याच्याखाली वाऱ्याने दाबून टाकलेला पट्टा, वरून गुळगुळीत आणि कुठे मोडेल याचा भरवसा नाही. तिथे वेग कमी, वळणं लांब, स्कीवर सरळ उभं राहायचं. कोंगदूरीच्या वाडग्यासारख्या खोलगट उतारात पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते आणि कालचा ताजा बर्फ एका दिवसात आणि एका रात्रीत बैठक मारून मंगळवारच्या कॉर्नच्या जवळ आला होता. तिथे दोन फेऱ्या. आणि सव्वाबाराला जंगल. या वेळी भाचा पुढे होता. सावलीच्या प्रत्येक कडेआधी त्याचा उजवा पाय इंचभर पुढे सरकताना मला मागून दिसत होता.

दुपारी एकला स्की परत केल्या. दुकानदाराने तळ उलटा करून बोट फिरवलं आणि एका जागी थांबलं. दगडाची खोल रेघ, जंगलातली. मार्चात बर्फाखालून दगड डोकं काढतात, त्यात नवल नाही. त्याने प्लॅस्टिकची कांडी पेटवून तिचे थेंब रेघेत सोडले, गार झाल्यावर पात्याने खरवडून तळ सपाट केला, आणि अनामतीतून थोडे पैसे कापले. घासाघीस करायला भाचा पुढे झाला होता, मी त्याला मागे ओढलं. पैसे वाजवी होते.

शनिवार, श्रीनगर

विमानाला वेळ होता. ट्यूलिप बागेबाहेरची रांग पाहून टॅक्सी बादामवारीकडे वळवली. बदाम फुलले होते, निष्पर्ण काळ्या फांद्यांवर पांढरीगुलाबी फुलं. शाळेच्या मुलींचा एक घोळका झाडाखाली फोटो काढत होता. भाच्याची हनुवटी आणि नाकाची खालची बाजू लाल होऊन सोलवटत होती, त्यामुळे तो फोटोत यायला तयार नव्हता.

विमानात खिडकी त्याला दिली. उड्डाणानंतर पीर पंजाल खाली आला, सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक धारेची एक बाजू लख्ख आणि एक निळी. तो काचेला नाक लावून बराच वेळ पाहत होता.

"मावशी, ती समोरची घळ. डावी बाजू दहालाच सैल होईल."

"अन् उजवी?"

"उजवीकडे जायचं तर जानेवारीत यावं लागते," तो म्हणाला आणि मोबाइलमध्ये पुढच्या वर्षीच्या सुट्ट्या पाहायला लागला.